एका कात्रीचे दोन भाव

१

फोडलेलं पाकीट टेबलावर पडलं होतं आणि भाची रडत नव्हती. एरवी ही पोरगी दूध उतू गेलं तरी डोळ्यांत पाणी आणते. त्यामुळे हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच मी ओळखलं, की काहीतरी मोठं बिघडलंय.

"मावशी, वाच," ती म्हणाली.

आत एकच कागद होता. त्यावर आमच्या ऑनलाइन दुकानातल्या पानाची दोन छापील चित्रं कापून चिकटवलेली. दोन्हींत तीच कात्री, शिंप्याची, दहा इंची. एका चित्रात किंमत १२१.४१, दुसऱ्यात २१६.९२. खाली टाइप केलेल्या ओळी: 'मागच्या आठवड्यात मी आणि परदेशातल्या माझ्या मित्राने ही कात्री बघितली. दोन्ही किमती एकाच चलनात मोजून बघा. गिऱ्हाईक कुठल्या देशातलं आहे ते बघून हे लोक गळा कापतात. एक शिंपी.'

हे पत्र आम्हाला आलं नव्हतं. ते गेलं होतं शिवणशाळांच्या महासंघाकडे. नऊ देशांतल्या चारशे शाळा आमच्या कात्र्या घेणार होत्या, प्रत्येक शाळा आमच्या दुकानातून, आपापल्या चलनात किंमत बघून. महासंघाच्या खरेदीवाल्या बाई सकाळी स्वतः येऊन पाकीट टेबलावर ठेवून गेल्या. संध्याकाळी पाच वाजता त्या फोन करणार होत्या. खुलासा पटला तर ऑर्डर, नाहीतर चारशे शाळांना इशारा, की या दुकानापासून लांब राहा.

"ऑर्डर गेली तर गेली," भाची म्हणाली. "पण चोर म्हणून नाव झालं, तर मी कुठे तोंड दाखवू?"

आता आमचं थोडं सांगते. कात्र्यांचा हा कारखाना माझ्या मेव्हण्यांचा. ते गेल्यावर ताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, तो हातात घेतला आणि तीस वर्षं चालवला. भाची तिची एकुलती एक लेक. ऑनलाइन दुकान भाचीने उभं केलं. ते दुकान गिऱ्हाईक कुठे बसलंय ते ओळखतं आणि किंमत त्याच्या चलनात दाखवतं. माणसाला ज्या नोटा हाताळायची सवय, त्यातच त्याला स्वस्त-महाग कळतं, हे मी तिला सांगितलेलं. मी बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर एकतीस वर्षं काढली. तिथे आम्ही नोटांना त्यांच्यावरच्या चित्रांनी हाका मारायचो. जहाज, बगळा, घोडा, डोंगर. तेव्हा माझ्या दृष्टीने पहिली किंमत होती १२१.४१ जहाजं, आणि दुसरी २१६.९२ बगळे.

मी तिथेच अंदाजाने हिशोब केला. जहाजांचे आपले सहा हजारांच्या आसपास होत होते, म्हणजे बरोबर. बगळ्यांचे होत होते साडेआठ हजारांच्या वर.

"हा कर दोनदा लागलाय," मी म्हणाले. बगळ्यांच्या देशात दुकानातली किंमत करासकटच लिहायची पद्धत आहे. वीस टक्के. एकदा लावला की सात हजार दोनशे. दोनदा लावला की आठ हजार सहाशे चाळीस.

"माहितीये. चाचणीच्या दिवशी माझ्याकडून तेच झालं होतं आणि तूच पकडलं होतंस. त्याच संध्याकाळी मी दुरुस्त केलं. पण कुठेतरी राहिलं असणार गं. तिकडून अजून एकही ऑर्डर आली नाही, त्यामुळे कळलंच नाही. महिनाभर मी त्या लोकांना दीडपट भाव दाखवत बसले!"

चाचणीचा दिवस मला चांगला आठवत होता. जेवायच्या वेळी चूक सापडली, मी भाचीची कानउघाडणी केली आणि मग ताईला सगळं हसत हसत सांगितलं. लेकीचा गोंधळ आईला सांगण्यात एक मजा असते, ती मी घेतली.

ताई आताही खिडकीशी तिच्या खुर्चीवर होती. कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक कात्री तिच्या हाताखालून जाते. ओल्या रेशमाची पट्टी धरायची, मुठीपासून टोकापर्यंत एका दमात सरळ कापायची आणि शेवटी मनगट किंचित वळवायचं. टोकं नीट मिटली तर कापडाला बारीक गोलाई येते, नाही मिटली तर धागा निघतो. पायाशी टोपलीत तसल्या पट्ट्यांचा ढीग, प्रत्येकीच्या शेवटी ते एवढंसं वळण.

"जाऊ दे गं," ताई मान वर न करता म्हणाली. "नाही मिळाली ऑर्डर तर नाही मिळाली. आहे तेवढं पुरे आहे आपल्याला."

भाचीने तिच्याकडे बघितलंही नाही. मी घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते.

२

मला एक खोड आहे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी रोज सकाळी नऊ वाजता मी वहीत त्या दिवसाचे भाव लिहिते. जहाज एवढ्याला, बगळा एवढ्याला. कशासाठी, ते विचारू नका. काही बायका लख्ख भांडी परत घासतात, तसंच हे. आणि नऊला ताईचा फोन येतो. "आजचा भाव काय गं?" तिला भावाशी काडीचं देणंघेणं नसतं. मी भाव सांगते, ती म्हणते, "अजून?" आणि मग आम्ही तासभर बोलत बसतो. सहा वर्षांत हा फोन चुकला नाही.

ती वही आणायला मी घरी गेले.

पत्र म्हणत होतं 'मागच्या आठवड्यात'. दुकानातली किंमत रोज सकाळच्या भावाने बदलते. म्हणजे किंमत सांगते, की तो दिवस कुठला. मूळ किंमत सहा हजार, जहाजं १२१.४१, तर त्या दिवशी एक जहाज ४९.४२ ला असलं पाहिजे. मागच्या आठवड्यात जहाज एकदाही एकावन्नच्या खाली उतरलं नव्हतं. तेव्हा ही कात्री एकशे अठरा जहाजांच्या आतच दिसली असती.

मी पानं मागे उलटत गेले. ४९.४२ हा भाव दोन महिन्यांत तीनदा आला होता. मग बगळा काढला, कर दोनदा धरून. ३९.८३. त्या तीन दिवसांपैकी एकाच दिवशी बगळा ३९.८३ ला होता.

भाची एवढी घाबरली होती, की मी परत येऊन तिच्यापुढे वही ठेवली तर आधी तिला कळेचना. मी तारखेवर बोट ठेवलं.

"ही चित्रं पाच आठवड्यांपूर्वीची आहेत. चाचणीच्या दिवसाची. तुझी चूक त्याच संध्याकाळी निघाली, कुठेही राहिली नाही."

तिचा चेहरा उजळला आणि तसाच विझला. हुशार आहे पोरगी.

"पण मावशी, त्या दिवशी दुकान उघडलंच नव्हतं. बाहेरच्या कुणाला ते दिसणं शक्य नाही."

"तेच म्हणतेय मी. हे आपल्यातल्याच कुणीतरी केलंय."

३

चाचणीच्या दिवशी भाचीने चार चिठ्ठ्या केल्या होत्या. प्रत्येकीवर एक आकडा. तो आकडा फोनवर घातला, की इथे बसलेल्या माणसालाही दुकान त्या देशातलं गिऱ्हाईक समजणार आणि तिथलं चलन दाखवणार. जहाज, बगळा, घोडा, डोंगर. चौघांनी एकेक चिठ्ठी उचलली. जावई म्हणजे भाचीचा नवरा, पॅकिंगवाल्या वहिनी, भट्टीवरचे उस्ताद आणि ताई. कुणाला काय आलं ते भाचीने लिहून ठेवलं नव्हतं. "आईने तर चिठ्ठी उस्तादांनाच दिली म्हणे," ती म्हणाली. "मला त्यातलं काय कळतंय, असं आज सकाळी म्हणाली."

जहाज आणि बगळा हे दोन्ही आकडे ज्याच्याकडे होते, तो आमचा शिंपी.

सुरुवात मी जावयापासून केली, आणि खरं सांगते, मनापासून केली. हा माणूस मला कधीच आवडला नाही. फार गोड बोलतो. शिवाय मागच्या आठवड्यात एका यंत्रवाल्याबरोबर चहा पिताना मी त्याला बघितलं होतं आणि मला बघून त्याने हातातला कागद उलटा केला होता.

"काय जावईबापू, कारखाना विकायला काढलात का?"

तो कसनुसं हसला, मग दार लोटून खाली बसला. "मावशी, कुणाला बोलू नका. धार तपासायचं यंत्र घेतोय. चारशे शाळांचा माल आईंच्या हातून कसा निघणार? आणि त्यांचा हात थरथरतो हल्ली. ऑर्डर मिळाली की कारखाना नव्या जागेत जाणारच आहे. हिने ठरवलंय, तिथे यंत्र बसवायचं आणि आईंना आराम द्यायचा. पण सांगायचं कसं, तेच सुचत नाहीये हिला."

"ताईला माहीत नाही?"

"नाही. यंत्राचा कागद टेबलाच्या खणात होता. मागच्या सोमवारी खण उघडा राहिला होता, तेव्हा मीच घाईने बंद केला." त्याला चाचणीत घोडा आला होता. त्याने फोनमधली त्या दिवसाची नोंद काढून दाखवली. खरंच घोडा होता. मला जरा वाईटच वाटलं.

वहिनींना डोंगर आलेला. त्यांनी किंमत एका खोक्यावर लिहून ठेवली होती आणि ते खोकं अजून फळीवर होतं. "तो दिवस कशी विसरेन?" त्या म्हणाल्या. "उस्तादांचा चष्मा सकाळीच भट्टीपाशी पडून फुटला. दिवसभर आंधळी कोशिंबीर. डावखुरी कात्री उजव्याच्या खोक्यात भरून मोकळे! पाच खोकी मला परत उघडावी लागली."

म्हणजे उरले उस्ताद, दोन चिठ्ठ्या घेऊन. मी भट्टीकडे निघाले. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी हातोडा खाली ठेवला.

"बहीणबाई, पोरीला उगाच त्रास नको," ते म्हणाले. "ते पत्र मीच पाठवलं."

४

मी तिथल्या स्टुलावर बसले. अडीच वाजले होते. उस्तादांनी माझ्यासमोर पाण्याचा तांब्या सरकवला. गुन्हा कबूल करताना पाहुण्याला पाणी विचारणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"का पाठवलंत?"

"नव्या जागेत जायचं नव्हतं. ही भट्टी माझी आहे."

"बगळ्यांच्या देशातली किंमत किती होती?"

"होती... बरीच होती."

"आणि ती वाचलीत कशी? चष्मा तर सकाळीच फुटला होता."

 भट्टीत कोळसा सरकला, तो उस्तादांनी विनाकारण चिमट्याने सारखा केला.

"दोन चिठ्ठ्या तुमच्याकडे नव्हत्याच," मी म्हणाले. "तुम्हाला दिसत नव्हतं, म्हणून तुम्हीच तुमची चिठ्ठी दुसऱ्या कुणाला तरी दिलीत."

"बहीणबाई, घरवाली गेली त्या वर्षी मी सहा महिने कामाला आलो नाही. महिन्याच्या महिन्याला पगार दारात यायचा. कुणी पाठवला ते तुम्हाला माहीत आहे. मला अजून काही विचारू नका."

मी विचारलं नाही. पण डोक्यात एकच नाव येत होतं आणि मी ते दारातच अडवून धरलं होतं. काहीतरी चुकत असेल, असं म्हणून मी पाकिटातला कागद पुन्हा काढला. सकाळपासून मी आकडेच बघत होते. काउंटरवरच्या माणसाला नोटेवरचा आकडा आधी दिसतो, कागद मागून.

आता मी कागद बघितला. दोन्ही चित्रं कात्रीने कापलेली होती. चारही कडा एका दमात, कुठे अडखळ नाही, कुठे दातरा नाही. आणि प्रत्येक कडेच्या शेवटी, जिथे सरळ कापून थांबायचं तिथे, एवढंसं गोल वळण.

५

ताई खिडकीशीच होती. चार वाजत आले होते. मी टोपलीतली एक पट्टी उचलली आणि कागदाशेजारी तिच्या मांडीवर ठेवली.  ती दोन्हीकडे बघत राहिली.

"हात थरथरतो म्हणतात ना माझा?" ती शेवटी म्हणाली. "बघ, कागदावरसुद्धा वळण कसं आलंय."

"ताई, तू?"

"फोनच्या पडद्याची चित्रं तेव्हा सहज काढली होती. उस्तादांनी चिठ्ठी दिली, त्यांचा आकडा घातला, माझा घातला. तू म्हणालीस पोरीने गोंधळ घातलाय, म्हणून म्हटलं बघू तरी किती मोठा. तुम्हाला दाखवून हसायचं होतं मला."

"आणि मग?"

"मग खणात तो कागद सापडला. यंत्राचा." तिचा आवाज चढला. "तीस वर्षं गं! या खुर्चीतून एक बोथट कात्री बाहेर गेली नाही. हिला पोटाशी बांधून मी इथे बसले. आणि माझी खुर्ची यंत्राला द्यायची ठरवली, ते मला खणातून कळावं? जावयाला माहीत, यंत्रवाल्याला माहीत, फक्त आईला नाही! म्हटलं, ही ऑर्डरच नको. ऑर्डर नाही तर नवी जागा नाही, यंत्र नाही. सगळं होतं तसं राहील."

"तिला चोर ठरवलंस तू. स्वतःच्या लेकीला."

"एवढं होईल असं वाटलं नव्हतं."

"आणि ते माझ्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीवरून केलंस." मला राग येत होता आणि रडूही येत होतं. "सकाळपासून मी तुझ्यासमोर धावतेय, ताई. वही आणतेय, लोकांना उलटसुलट विचारतेय. तू तिथे बसून बघत होतीस!"

 ताई माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. मी वळले. दारात भाची उभी होती. किती वेळ, कोण जाणे. पण चेहऱ्यावरून कळलं, की सगळं ऐकलंय.

"बाळा..." ताई उठायला गेली.

"बस," भाची म्हणाली. "मी सांगणारच होते. शब्द शोधत होते गं. महिनाभर शोधत होते."

तेवढं बोलून ती फोनपाशी जाऊन बसली. पाच वाजेपर्यंत त्या खोलीत आम्ही तिघी तशाच बसून होतो. ताईने सवयीने एक कात्री उचलली, पट्टी धरली आणि तशीच खाली ठेवली.

पाचला फोन वाजला. भाचीने माझी वही उघडून तारीख आणि दोन्ही भाव वाचून दाखवले, कर दोनदा कसा लागला होता ते सांगितलं, चाचणीचा दिवस सांगितला. चूक माझीच होती, पण ती एकाही गिऱ्हाइकाला दिसली नाही, असं म्हणाली. पलीकडून खरेदीवाल्या बाई दोन-तीनदा "अस्सं" म्हणाल्याचं मला ऐकू आलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. पाठवलं कुणी? ज्या घरातून अशी पत्रं बाहेर जातात, तिथे चारशे शाळांची ऑर्डर कशी द्यायची?

भाचीने डोळे मिटले. मला वाटलं, उस्तादांसारखं हीसुद्धा काहीतरी स्वतःवर ओढून घेईल. देवाशपथ सांगते, तिने तसं करावं अशी मी मनात प्रार्थना केली.

"आमच्याकडे धार तपासणाऱ्या बाई होत्या," ती म्हणाली. "त्यांनी पाठवलं. उद्यापासून त्या इथे नसतील."

फोन ठेवून तिने वही मिटली आणि माझ्या हातात दिली. ऑर्डर मिळाली होती. तिचं नाव बदनामीतून वाचलं होतं. कारखान्यात कुणीही हसलं नाही.

"मावशी," ती म्हणाली, "त्यांना घरी सोडून ये."

आईला ती जन्मात पहिल्यांदा 'त्यांना' म्हणाली. ताईने ते ऐकलं. खुर्चीवरची उशी उचलली, ती तिने स्वतः शिवलेली होती, आणि माझ्यापुढे चालायला लागली. पूर्ण वाटेत मी तिचा हात धरला नाही. धरायला हवा होता का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जिच्याशी सहा वर्षं रोज तासभर बोलले, तिला पोटात एवढं साचवून ठेवता येतं, हे मला सहन होत नव्हतं. मागचे आठ दिवस नऊच्या फोनवर तिने मला सगळं सांगितलं होतं. गुडघा, दूधवाला, शेजारणीची सून. पत्र तेवढं सोडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली, तारीख घातली, भाव लिहिले. बरोबर नऊला फोन वाजला. वाजू दिला बराच वेळ, मग उचलला.

"आजचा भाव काय गं?" ताईने विचारलं. आवाज बसलेला होता.

मी सांगितला. जहाज एवढ्याला, बगळा एवढ्याला.

"अजून?"

"अजून काही नाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.